घंटी वाजल्यानंतरचा पाव तास

"घंटी वाजली ताई, पन हे उठलेच नाही..."

फोनवर शोभाचं हे पहिलं वाक्य. मार्चचा मधला आठवडा होता, आमच्या अकोल्याच्या शाळेत बोर्डाची परीक्षा सुरू होती आणि मी तिसऱ्या मजल्यावर सुपरव्हिजनला होते. सुपरव्हिजनच्या वेळी फोन स्टाफरूमच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचा, हा नियम बाकीच्यांना बजावत फिरणारी मीच. पेपरांचा गठ्ठा बांधून, सही करून खाली आले तर ड्रॉवरमधल्या फोनवर शोभाचे अकरा कॉल. लावला. ती रडत नव्हती, तेच एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. गजाच्या मोबाइलची घंटी वाजली आणि तो खुर्चीतून उठला नाही, एवढंच मला त्यातून कळलं. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. गजानन माझा धाकटा भाऊ आणि शोभा त्याची बायको. त्याला चोपन्न पूर्ण व्हायला दोन महिने बाकी होते. अकोल्याहून अमरावतीला जाताना मूर्तिजापूर कधी गेलं, बडनेरा कधी आलं, काही आठवत नाही. शोभाच्या त्या वाक्याचा खरा अर्थ कळायला मात्र त्याची तेरवी उलटून जावी लागली. तेच सांगायला हे लिहायला बसले आहे.

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. हे मी आजवर मिरवत आले आणि इथेही लपवत नाही, कारण जे सांगायचं आहे ते या मिरवण्यापाशीच येऊन थांबतं. आमचं गाव रिद्धपूरच्या अलीकडे. बापाचा लहानसा मळा होता, त्यात वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि कडेनं झेंडू. मी भाजीच्या पाट्यांसोबत एसटीनं अमरावतीला जाऊन बी.ए. झाले, मग बी.एड. झाले. गजा दहावीला इंग्रजीत दोनदा गेला आणि तिसऱ्यांदा फॉर्म भरायच्या ऐवजी भाजीबाजारात उभा राहिला. घरात कुठलाही इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे यायचा. बापाचं बँकेचं पत्र असो, गजाच्या गाळ्याचा परवाना असो, आईच्या ऑपरेशनच्या वेळी सही करायचा फॉर्म असो. "ताईले दाखवा" हे आमच्या घरातलं शेवटचं वाक्य असे. त्यापुढे कोणी बोलत नसे. मलाही ते आवडत असे, खोटं कशाला बोलू.

मळ्याला रोह्यांचा फार त्रास होता. नीलगायीला आमच्याकडे रोही म्हणतात. एक कळप शिरला तर मिरचीचं पूर्ण वावर झोपवून जाई. म्हणून बांधाच्या चारी बाजूंनी खुंट्या रोवून त्यावर सुतळीची दोरी ओढायची आणि दोरीला खडे भरलेले तेलाचे रिकामे डबे लटकवायचे. जनावर दोरीला धडकलं की डबे वाजत आणि बाप काठी घेऊन धावे. रोज सांजच्याला ही दोरी ओढून बांधायचं काम गजाकडे होतं. तेव्हा तो नऊ-दहा वर्षांचा असेल. एकदा मी त्याला म्हटलं, "अरे, एवढ्या उंच कशाला बांधतोस? खाली बांध, म्हणजे कुणीही आलं तरी लवकर कळेल." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी आता वर्गात एखाद्या पोरीकडे पाहते. "ताई, कोनीबी आलं तं कळाचं नाही आपल्याले. रोही आला तं कळाचं. खाली बांधली का ससाही वाजवीन, आन बाप उठून उठून मरीन." मी पुस्तकात डोकं घातलं. हे उत्तर मी विसरून गेले, तो विसरला नाही.

बाजारात गजानं चांगले पाय रोवले. हर्रासाच्या वेळी, म्हणजे भाजीचा लिलाव चालू असताना, तो मालाकडे पाठ करून उभा राही. मी विचारलं तर म्हणे, "डोयानं माल पाहाचा, कानानं भाव पाहाचा." बोली लावणाऱ्यांचा आवाज कुठे चढला, कुठे कोणाचा दम सरला, यावरून भाव कुठे थांबेल ते त्याला कळे. सात-आठ वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याच्या मोबाइलवर त्यानं पहिल्यांदा शेअरबाजाराचा चार्ट पाहिला. त्या दिवाळीत तो माझ्याकडे अकोल्याला आला आणि फोन माझ्या नाकासमोर धरला. "हे पाहाय ताई. हर्रासच आहे, फक्त बोंबलत नाही कोनी." हिरवे-तांबडे उभे ठोकळे होते, त्यांना मेणबत्त्या म्हणतात. तो पाहायचा त्या चार्टवर पाव तासाची एक मेणबत्ती. "पाव तास भरेपर्यंत मेनबत्ती कच्ची. वर जाईन, खाली येईन, रंग बदलवीन. पाव तास भरला का पक्की. कच्चीवर भरोसा ठेवला तो मेला." मग त्यानं रेघा दाखवल्या. मागच्या वीस मेणबत्त्यांची सरासरी काढणारी एक, पन्नासांची एक. आणि खाली वेगळ्या चौकटीत शून्य ते शंभरच्या मधात वळवळणारी तिसरी रेघ, जिचं इंग्रजी नाव मी वाचून दाखवलं, पण तो तिला 'दम' म्हणे. "तीसच्या खाली गेली का बाजार दमला. तीस ओलांडून वर आली का श्वास घेतला म्हनाचं." मी म्हटलं, "गजा, हा सट्टा आहे." तो हसला. "हर्रासबी सट्टाच आहे ताई. तुले मेथी सस्ती भेटते तवा तं तू काही म्हनत नाही."

मग त्याचे डोळे गेले. एकदम नाही, पाच वर्षांत. शुगर होती, ती त्यानं बाजाराच्या धावपळीत कधी मनावर घेतली नाही. मीही नाही घेतली. फक्त फोनवर "पथ्य पाळ" म्हणत राहिले, बोर्डावर सुविचार लिहावा तसं. डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरलं, लेझर झालं, दुसऱ्यांदा झालं. "मधातलं गेलं ताई," तो म्हणाला, "कडंकडंचं दिसते. तुह्या तोंडाकडे पाहाचं असलं तं मले तुह्या खांद्याकडे पाहा लागते." सडका टमाटा ओळखू येईना, गाडी चालवता येईना. गाळा सोडला. त्या दिवशी मी त्याच्या घरी होते. अंगणातल्या खुर्चीत बसून तो बराच वेळ हाताची बोटं एकमेकांत गुंतवत-सोडवत होता. शेवटी म्हणाला, "शोभा शिलाई करते, घर चालते. पन मले बसून खाचं नाही ताई. डोये गेले, कान तं आहेत नं? मले दोऱ्या बांधून दे."

मला आधी कळेना. मग त्यानं समजावलं. चार्टच्या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय होती. 'दम'ची रेघ तीसच्या वर आली, किंवा वीसची रेघ पन्नासच्या रेघेला ओलांडून गेली, की फोननं घंटी वाजवायची आणि आपण लिहून ठेवलेला निरोप बोलून दाखवायचा. स्क्रीनकडे पाहायची गरज नाही. घंटी वाजल्यावर शोभानं आकडा वाचून सांगायचा, तो तिला वाचता येई. पण घंटी लावायच्या सगळ्या पायऱ्या इंग्रजीत होत्या. म्हणजे "ताईले दाखवा". आणि फुकटातल्या त्या सोयीत लावलेली घंटी एका महिन्यात आपोआप सुटून जाई, पुन्हा लावावी लागे. म्हणून ठरलं, महिन्याचा पहिला रविवार माझा. बाजार बंद असतो, घाई नसते.

तीन वर्षं मी तो रविवार चुकवला नाही. सकाळची एसटी, दहाला त्याच्या घरी, शोभाचा चहा, मग तो खुर्चीत आणि मी त्याच्या उजव्या हाताला स्टुलावर त्याचा फोन घेऊन. तो बोलणार, मी लावणार. कोणती रेघ, कोणत्या रेघेला ओलांडली पाहिजे, वरून की खालून, आकडा कोणता, मुदत कधीपर्यंत, आवाज कोणता. पाच दोऱ्या, पाच आवाज. 'दम'च्या दोरीला त्यानं सगळे आवाज ऐकून ऐकून डब्यात खडे वाजल्यासारखा एक निवडला होता. निरोपावरून तर दर वेळी भांडण होई. मी लिहिलं, 'बाजार थकला होता, आता सावरत आहे.' फोनमधल्या बाईनं ते वाचून दाखवलं. गजा म्हणाला, "ही कोन पुन्याची मास्तरीन बसवली माह्या घरात? लिही, दमलं होतं, आता श्वास घेतला बावा." मी म्हटलं, "असं कुणी लिहितं का?" तो म्हणाला, "लिहाचं कुठं आहे, आयकाचं आहे." लिहिलं. त्या फोनमधल्या बाईच्या तोंडून "बावा" ऐकून शोभा मशीनवरून उठून आत जाऊन हसली होती.

आता ते सांगते, जे मला सांगायचं आहे.

अगदी पहिल्या रविवारची गोष्ट. घंटी लावताना एक प्रश्न येतो, ती कधी वाजवायची? उत्तरं चार. त्यात दोन एकाखाली एक होती. वरचं, रेघ ओलांडली की मेणबत्ती कच्ची असतानाच वाजवायचं. खालचं, पाव तास भरून मेणबत्ती पक्की झाल्यावर वाजवायचं. गजानं आधीच सांगून ठेवलं होतं, "पक्की झाल्यावरचं लावजो ताई." मी दोन्ही वाचली. आणि मला वाटलं, ज्याला दिसत नाही त्याला जरा आधी कळलेलं बरं नाही का? उशिरा कळून काय कामाचं? त्याला काय ठाऊक, इंग्रजीत दोनदा गेलेला. मी वरचं दाबलं.

"लावलं?"

"लावलं."

"पक्कीचंच नं?"

"हो रे बाबा. मला वाचता येतं इंग्रजी."

मी खोटं बोलले असंही मला तेव्हा वाटलं नाही. त्याच्या भल्याचं केलं असं वाटलं. आणि मग विसरून गेले. पुढच्या महिन्यापासून सॉफ्टवेअर मागचंच उत्तर आपणहून पुढे ठेवी, मी त्या प्रश्नावर थांबतही नसे.

दोन महिन्यांनी शोभाचा फोन आला. गजाचे तीन सौदे लागोपाठ उलटे गेले होते. मी त्या रविवारी तावातावानं गेले. चहासुद्धा घेतला नाही. शोभासमोर मी त्याला बोलले. "हा सट्टा आहे गजा, आपल्या घरात कुणी केला नाही. घंटीच्या भरवशावर कुणी धंदा करतं का? तुला धड दिसत नाही, आणि..." पुढचं वाक्य मी पूर्ण केलं नाही. पण अर्धं वाक्यही जिथे पोचायचं तिथे पोचतंच. तो माझ्या खांद्याकडे पाहत राहिला, म्हणजे माझ्या तोंडाकडे. मग हळू आवाजात म्हणाला, "माहीच घाई झाली ताई. जरासा थांबाले पायजे होतं." आणि थोड्या वेळानं, "बस. आज पहिला रविवार आहे. दोऱ्या बांधून दे."

मी बांधून दिल्या. तशाच.

त्यापुढच्या महिन्यात गेले तर अंगणाच्या भिंतीला लागून मोगऱ्याच्या आठ कुंड्या. "हाताले काही उद्योग पायजे नं," तो म्हणाला. सुट्टीत चार दिवस राहायला गेले तेव्हा त्याची ती नवी सवय पाहिली. बाजाराची वेळ. तो खुर्चीत. फोनची घंटी वाजे, ती बाई निरोप सांगे. गजा शांतपणे उठे, मनगटावरच्या बोलत्या घड्याळाचं बटण दाबून वेळ ऐके, भिंतीला हात लावत नळापाशी जाई, हिरवा झारा भरे आणि एकेका कुंडीच्या मातीत बोटाचं पेर खुपसून ओल पाहत पाणी घाली. कोरडी असली तर पूर्ण झारा, ओली असली तर नुसता शिंतोडा, पण आठही कुंड्यांपाशी थांबे. मग पुन्हा घड्याळाचं बटण. मगच हाक, "शोभे, सांग आकडा." कधी तो आकडा ऐकून म्हणे "घेऊन टाकू", बहुतेक वेळा म्हणे "जाऊ दे." मला हसू येई. मी एकदा म्हटलं, "गजा, घराला आग लागली तरी तू आधी मोगऱ्याला पाणी घालशील."

"मंग? पक्की लागली का नाही ते तं पाहू दे आधी."

सौदे उलटे जाणं थांबलं. फार काही मिळत होतं असं नाही, पण त्याच्या औषधांचं तो शोभाला मागत नसे. एखाद्या दिवशी मला शाळेत मधल्या सुट्टीत फोन येई, "ताई, आजचं तेल-मीठ माह्या कानानं आनलं." आवाजात असा ताठा, जसा मी बी.ए.चा निकाल घेऊन गावी आले तेव्हा माझ्या चालीत होता. मला वाटे, माझं बोलणं त्यानं मनावर घेतलं, म्हणून सुधारला. हेही मी स्टाफरूममध्ये सांगितलं आहे. अभिमानानं सांगितलं आहे.

यंदाच्या मार्चचा पहिला रविवार आमचा शेवटचा. शोभानं सांभारवडी केली होती. मी पाच दोऱ्या बांधल्या. तो मध्येच म्हणाला, "पुढच्या साली रिटायर होशीन तू. मंग काय करशीन?" मी म्हटलं, "तुझ्या दोऱ्या बांधीन." तो खूश झाला. "मंग तं काही घाईच नाही." निघताना त्यानं चाचपून चाचपून मोगऱ्याच्या सात-आठ कळ्या तोडल्या, माझ्या हातात ठेवल्या आणि हात तसाच धरून ठेवला. "तू आली का माहा महिना भरते ताई," म्हणाला. एसटी चुकेल म्हणून मी हात सोडवून घेतला... पुढची एसटी अर्ध्या तासानं होती.

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले. मी बॅग भरत होते, शोभा ओट्यावर तूरडाळ निवडत होती. साडेदहा वाजून गेले असतील. फळीवर ठेवलेला गजाचा फोन खडखडला. डब्यात खडे वाजावे तसा. आणि ती बाई म्हणाली, "दमलं होतं, आता श्वास घेतला बावा."

मी साडी बॅगेवर टाकून फळीकडे वळले. शोभा मात्र उठली. ताट बाजूला ठेवलं, दाराच्या खिळ्यावरून गजाचं घड्याळ काढून बटण दाबलं, वेळ ऐकली, बाहेर गेली, झारा भरला आणि पहिल्या कुंडीत बोट खुपसलं. मला वाटलं, हिचं डोकं ठिकाणावर नाही. मी मागोमाग गेले.

"अगं शोभा, आता काय गं त्याचं... कशाला?"

"घंटी वाजली नं ताई."

"वाजली म्हणून काय झालं?"

ती दुसऱ्या कुंडीकडे वळली. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुमची दोरी खाली आहे."

मला काही कळलं नाही. तेव्हा तिनं झारा खाली ठेवला आणि पदराला हात पुसत सांगितलं. ती कधी फार बोलत नाही, त्या दिवशी बोलली. "ते तीन सौदे उलटे गेले नं, तवाच कळलं होतं त्याइले. म्हने, पक्कीची घंटी असती तं पाव तासाच्या ठोक्यावरच वाजली असती. सव्वा, साडे, पावने. हे तं कवाबी वाजते. म्हने ताईनं दोरी खाली बांधली, ससाही वाजवते. मी म्हटलं, मंग ताईले सांगा नं, एका बोटाचं काम आहे. तं मले म्हने, नाही सांगाचं. आपल्या घरात एकच पोरगी शिकली, तिनं बांधलेली दोरी आपुन सोडाची नाही. आपुन पाव तास भरू देऊ. आपल्याले कुठं जाचं आहे? पन हात रिकामा राहिला का घाई सुटते म्हने. म्हनून मंग ह्या कुंड्या आनल्या." तिनं झारा पुन्हा उचलला. "आठ कुंड्याले बराबर तेवढाच वेळ लागते ताई. त्याइनं मोजून आनल्या आठ."

मी तिथेच नळाच्या ओट्यावर बसले. त्या रविवारी चहासुद्धा न घेता मी ज्याला बोलले होते, तो तेव्हाच सगळं ओळखून होता. "माहीच घाई झाली ताई." आणि शोभा फोनवर जे म्हणाली होती तेही तेव्हा कळलं. घंटी वाजली आणि तो मोगऱ्याकडे गेला नाही, त्यावरून तिनं ओळखलं होतं. तीन वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

आत येऊन मी फोन उघडला. तो प्रश्न, त्याची चार उत्तरं. माझ्या खुणेचा ठिपका वरच्या ओळीपुढे. खालची ओळ बोटभर अंतरावर. मी तिसेक वर्षं पोरांच्या वह्यांवर लाल पेन चालवलं. ऱ्हस्व-दीर्घ सोडलं नाही, अर्ध्या मार्कासाठी पोरांना रडवलं. आणि इंग्रजीत दोनदा गेलेल्या माझ्या भावानं माझी चूक तीन वर्षं रोज तपासली आणि एकदाही तिच्यावर रेघ मारली नाही. निदान हसून म्हणाला असता, "ताई, ससे लय वाजवून राहिले." मी चिडले असते, पण दुरुस्त केलं असतं. का नाही म्हणाला? शोभाला मी हेही विचारलं. ती म्हणाली, "मी बी विचारलं होतं एकदा. तं म्हने, चूक दाखवली तं ताई भिईन, अन् मंग म्हनीन, दुसऱ्या कोनाकडून लावून घे." म्हणजे मी येणं थांबेल, याचं त्याला भय होतं. पाव तास थांबणं त्याला सोपं वाटलं. खरं सांगायचं तर त्याचं बरोबर होतं. मला ओळखून होता तो. मी तसंच म्हटलं असतं.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी पुन्हा गेले. दोऱ्यांची मुदत संपत होती. खुर्ची तिथेच होती, मी सवयीनं तिच्या उजव्या हाताला स्टुलावर बसले. शोभा म्हणाली, "काढून टाकाच्या काय सगळ्या?" मी म्हटलं, आता कशाला हव्यात? ती दाराच्या चौकटीला टेकली आणि म्हणाली, "एक राहू द्या ताई. नाही तं मोगऱ्याले पानी घालाचं मले कोन सांगीन?"

चार दोऱ्या जाऊ दिल्या. 'दम'ची एक पुन्हा बांधायला घेतली. रेघ, आकडा, मुदत, डब्यातल्या खड्यांचा आवाज, "बावा"सकट तोच निरोप. मग तो प्रश्न आला. या वेळी मी त्यावर थांबले. चारही उत्तरं पुन्हा वाचली, मोठ्यानं, त्याला वाचून दाखवायची तशी. खालच्या ओळीवर बोट नेलं. बोट तिथे किती वेळ होतं सांगता येत नाही. मग मी ते वर आणलं आणि वरचीच ओळ दाबली. बरोबर केलं असतं तर पाण्याचा तो पाव तास उरला नसता.

येताना शोभानं एक कुंडी दिली. एसटीत मांडीवर घेऊन आणली. आता ती माझ्या अकोल्याच्या गॅलरीत आहे, आणि तिच्या अंगणात सात. तीच घंटी मी माझ्याही फोनवर घेतली आहे. सध्या शाळेला सुट्ट्या आहेत म्हणून जमतं, जूननंतरचं जूनमध्ये पाहू. सकाळी दहा-साडेदहालाच अकोल्याचं ऊन गॅलरीतल्या फरशीवर पाय ठेवू देत नाही. फोन खडखडला की पाठोपाठ शोभाचा कॉल येतो.

"ताई, वाजलं."

"हो, वाजलं."

फोन चालू ठेवून ती झारा भरते, मी तांब्या. मी मातीत बोट खुपसते. माझी एकच कुंडी, लगेच होते. मग मी तिच्याकडचा नळ ऐकते, चपलेचा आवाज ऐकते, एका कुंडीपासून दुसऱ्या कुंडीपर्यंत. सातवीपाशी ती जरा जास्त थांबते, आठवीची जागा रिकामी आहे. मग गजाच्या घड्याळातली बाई वेळ सांगते. पाव तास भरलेला असतो. शोभा सावकाश, एकेक अंक सुटा करून आकडा वाचते. मी चार्टवर पाहते. आम्हा दोघींना काही घ्यायचं नसतं, काही विकायचं नसतं.

"काय होतं ताई? रोही?"

"नाही गं. ससाच होता."

आणि तरी थोडा वेळ आम्ही दोघी फोन ठेवत नाही.